अहेरीला जाणारी लीजची गाडी

आई गेल्यावर तीन महिन्यांनी आमच्या कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसातून पत्र आलं. कामासाठी मला दिलेल्या गाडीच्या लीजची चार वर्षं महिनाअखेर संपत होती. ठरलेल्या किमतीला गाडी मी विकत घ्यायची, नाहीतर कंपनीला परत करायची. मी ते पत्र टेबलावर ठेवलं आणि आठ दिवस त्यावर चहाचा कप ठेवत राहिले.

सरकारी आरोग्य केंद्रांमधले लशींचे फ्रीज दुरुस्त करणं हे माझं काम. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्हे माझ्याकडे. गाडीच्या मीटरवर एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटर झाले होते आणि त्यातले निम्मे तरी खनिजाच्या ट्रकांनी फोडून ठेवलेल्या रस्त्यांवरचे. आम्ही राहतो त्या मूल गावातल्या मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि हात पुसत म्हणाला, "ताई, देऊन टाका वापस. हे गाडी आता तुमच्यापाशी कमी अन् माह्यापाशीच जास्त राहीन."

त्याचं खरं होतं. तरी मी गाडी घेण्याच्याच बाजूने होते, कारण आईला तसा शब्द दिला होता.

आईची धाकटी बहीण अहेरीला. मावसाजी अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे मावशीला घर सोडता येत नव्हतं. कानाने ती जवळजवळ बहिरी झालेली, म्हणजे फोनचाही उपयोग नाही. आईचे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना, तेव्हापासून दोघींची भेट थांबली. आणि मी मात्र दर मंगळवारी हरणघाट, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत अहेरीला जात होते. एकटी.

कंपनीच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, हा माझा नियम होता. कंपनीचाही असणार, असं मी धरून चालले होते. माझे वडील ऊर्जानगरला वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये होते. त्यांनी आयुष्यात एक नटबोल्ट घरी आणला नाही. लहानपणी मला ताप भरला तेव्हा शेजाऱ्यांनी मागवलेली ऑफिसची जीप परत पाठवून त्यांनी मला सायकलवर दवाखान्यात नेलं. ही गोष्ट आमच्या घरात फार अभिमानाने सांगितली जायची. मीच जास्त सांगायचे. ऑफिसात माझ्या सरळपणाची चेष्टा व्हायची, तीही मला मनातून आवडायची.

आईने पहिल्या वर्षी एकदाच विचारलं. "मंगळवारी तू जातेच ना अहेरीले, मी बसू का बाजूले?"

मी म्हटलं, "गाडी आपली नाई आई. लीज संपली का इकत घेऊ. मंग तुले पयले अहेरीलेच नेतो." भाड्याची गाडी करून देते म्हटलं, तर तिने मान हलवली. "दारात गाडी उभी अन् भाड्याची कायले? थांबतो ना मी."

मग ती डबा द्यायला लागली. कधी लाखोळीच्या डाळीचे वडे, कधी तळ्यातल्या मासोळ्यांचं सुकट. येताना मावशी चारोळ्या बांधून द्यायची. डबा शेजारच्या सीटवर ठेवून मी त्याला पट्टासुद्धा लावायचे. डबा चालत होता, आई चालत नव्हती. हे तेव्हा माझ्या डोक्यात कसं शिरलं नाही, याचा आता फार राग येतो.

पौषात आई न्यूमोनियाने चार दिवसांत गेली. मावसाजींना एकटं टाकून मावशीला शेवटचं बघायलाही येता आलं नाही.

गाडी घेण्याच्या फॉर्मबद्दल विचारायला मी नागपूरच्या साहेबांना फोन केला आणि बोलता बोलता म्हटलं, आता निदान घरच्यांना तरी बसवता येईल.

"मॅडम, घरच्यांना मनाई कधी होती? आधी एक मेसेज टाकायचा, बस. सगळेच टाकतात. तुम्ही कधी विचारलंच नाही."

मी विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे सवलत मागणं, आणि सवलत मागायची नाही यातच माझी सगळी ऐट होती. ती ऐट आईला भोवली. फोन ठेवल्यावर मी रडले, आणि रडतानाही स्वतःचाच संताप येत होता.

तरीही ठरवलं, गाडी घ्यायची. आईला नाही तर मावशीला बसवीन. मावसाजींजवळ दिवसभर एक बाई ठेवून मावशीला मूलला आणीन. फॉर्म पर्समध्ये टाकून मंगळवारी अहेरीला गेले.

मावशी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिच्या कानाशी तोंड नेऊन मी गाडीचं सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि गाडीकडे बघत राहिली. आईला, म्हणजे मोठ्या बहिणीला, ती बाई म्हणायची.

"हे गाडी दर मंगळवारी ये," ती म्हणाली. "मी दारातून पाहो, बाजूले बाई बसली हाये का. डबाच उतरे. मी समजलो, तिच्या मनातून अजून गेलं नाई."

माझे वडील गेले तेव्हा, त्यांच्या जलदानविधीच्या दिवशी, माहेरच्या शेतावरून दोघींची बोलाचाली झाली होती. आई ते केव्हाच विसरली होती. मावशी विसरली नव्हती. तिला वाटत होतं, बहीण डबा पाठवते ती लोकलाजेने आणि येत नाही ती रागाने. इतकी वर्षं तिने हे मनात ठेवलं, आणि मी दर आठवड्याला तिच्या अंगणात उभी राहून "आई बरी हाये" एवढंच ओरडून निघत होते.

मग मला तेही ओरडूनच सांगावं लागलं. "तिले यायाचंच होतं मावशी. मीच नाई आणलं. मनाई नव्हती, तरी नाई आणलं."

शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मावशीला नीट ऐकू गेलं नव्हतं. मी सगळं पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने सांगितलं.

"रागात नव्हती?"

"नव्हती."

ती पदर तोंडाला लावून बसून राहिली. मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. जेवायला वाढलं, परत भातही वाढला. निघताना मी विचारलं, गाडी घेतो, पुढच्या मंगळवारी येते का मूलले?

"आता कोणाले पाहाले येऊ, पोरी?"

त्याच आठवड्यात मी नागपूरला जाऊन गाडी परत केली. साहेबांनी कारण विचारलं. किलोमीटर फार झालेत, असं मी सांगितलं.