डाव्या हाताचा खो

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरे सांगायचे तर बहुतेकांचे उत्तर मला निम्म्यावरच सापडते — वारा, सावली, थकवा, नाहीतर जागरण. मी गणिताची शिक्षिका. जे पडताळता येत नाही ते फळ्यावर लिहीत नाही. तरीही हे लिहिते आहे...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामती तालुक्यातील सांगवीला शिकवत होते. माझी एकुलती एक मुलगी अश्विनी तिथेच शिकत होती, शाळेच्या खो-खो संघात होती. ती डावखुरी. इतर मुली खो देताना पाठीवर सणसणीत थाप मारत. अश्विनी दोन खांद्यांच्या मधोमध नुसता तळवा टेकवायची. "लहान पोरींना लागतं, आई," एवढेच तिचे कारण. स्वप्नही एकच — इंदापूरच्या स्पर्धेतली ढाल सांगवीच्या मुलींनी आणायची. नववीत असताना मेंदूज्वराने ती गेली.

त्या दुःखाचे वर्णन मी करणार नाही. घरात बसवेना तेव्हा मी मैदानावर गेले आणि संघ हाती घेतला. आयुष्यात कधी धावले नव्हते. संघातल्या शैलाचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, सरावाच्या वेळी कुंपणाशी उभे राहत.

"बाई, ह्यातलं तुमाला काय कळतंय?"

"कोन कळतात, तात्या. पळणारी कुठे वळेल ते कोनावरून सांगता येतं."

"मग आमच्या शेळ्या वळायला या की."

मुली हसल्या, मीही हसले. पण दुसऱ्या वर्षी इंदापूरला निघताना एसटीत ते गंभीरपणे म्हणाले, "पोरी मोठ्या झाल्या, बाई. ढाल आली तर पुढं बघू. न्हायतर उद्यापास्नं खेळ बंद." बाकीच्या पालकांचेही तेच मत होते. म्हणजे हरलो तर अश्विनीचा संघच उरणार नव्हता.

अंतिम सामन्याचा शेवटचा डाव. दोन्ही संघांचे गुण समान, आणि आक्रमण आमचे. एक गडी बाद झाला तर ढाल आमची. वाचकांच्या सोयीसाठी नियम सांगते: चौकात बसलेल्या मुलीला मागून स्पर्श करून 'खो' म्हटल्याशिवाय तिला उठता येत नाही, आणि खो देणारीने लगेच तिच्या चौकात बसायचे असते.

शैला धावत अलीकडच्या खांबापाशी पोहोचली होती. पळणारी मुलगी मात्र हुलकावणी देऊन पार पलीकडच्या टोकाला गेली, मंगलच्या अगदी समोरून. शैलाला तिथवर पोहोचणे अशक्य होते. आणि तेवढ्यात मंगल उठली. दोन झेपांत तिने त्या मुलीला शिवले. शिट्टी झाली, डाव संपला.

मुली नाचत होत्या. मी पंचांकडे गेले. "माझ्या मुलीला खो मिळाला नव्हता," मी म्हटले.

"मिळाला की, बाई. मी जवळच होतो. शब्द ऐकला, हात पाहिला."

"खो देणारी कुठे गेली मग?"

"बसली ना चौकात. नियमाप्रमाणे."

मी वळून पाहिले. मंगलचा चौक रिकामा होता. शैला अजून खांबाशीच, कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती.

"ढाल घ्या अन् चला," तात्या कानाशी म्हणाले. "पंचापुढं गणित करू नका."

परतीच्या एसटीत मी मंगलला शेजारी बसवले. ती त्याच जूनमध्ये कन्हेरीहून आमच्या शाळेत आलेली. अश्विनीला तिने कधी पाहिले नव्हते.

"शैलानं खो दिला?"

"न्हाय बाई. शैला लई जोरात हाणती. ह्यो नुसता तळवा टेकला हुता. मऊ."

"पाठीवर कुठे?"

"मधोमध. अंगठा हिकडं हुता." तिने आपल्या उजव्या खांद्याकडे बोट दाखवले.

वाचकांनी आपला तळवा समोरच्याच्या पाठीवर टेकवल्यासारखा धरून पाहावा. अंगठा उजवीकडे असेल, तर हात डावा असतो. आमच्या संघात त्या वर्षी डावखुरी कोणीच नव्हती.

मंगल भासाने उठली असे मानले, तर पंचांनी काय पाहिले? पंच चुकले असे मानले, तर मंगलच्या पाठीवर काय टेकले? दोघांना एकच भ्रम एकाच क्षणी कसा व्हावा? एक बाजू जुळवली की दुसरी सुटते... हे गणित मी अनेकदा मांडले. उत्तर आलेले नाही, आणि आले नाही हे मान्य करायला मला संकोचही वाटत नाही.

तात्यांनी शब्द पाळला. संघ टिकला, पुढे शैलाची धाकटी बहीणही त्यात आली. खो देताना तळवा टेकवायचा, थाप मारायची नाही, हे मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी शिकवते. सरावाला एखादी कमी पडली की तिच्या चौकात मीच बसते. पाठ ताठ ठेवते, आणि मागे वळून पाहत नाही.