पप्पांच्या वाट्याची कलेजी

आज सकाळी चर्चमध्ये मिस्साला निघताना माझे सासरे, आमचे पप्पा, चपला घालूनच उभे होते. मी चिडले. "रविवारी तरी बूट घाला ना, पप्पा." ते तसेच लंगडत आले. मला वाटलं, हट्ट करतायत.

घरी येऊन पाहिलं तर पायाचा अंगठा लालबुंद, सुजलेला. चादर लागली तरी कळवळत होते.

भुईगावातून रिक्षा करून त्यांना वसईला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वैतागले. "युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणून दोन महिन्यांपूर्वीच कलेजी बंद करायला सांगितली होती. केली का?"

"केली," पप्पा म्हणाले.

मला हे आजच कळत होतं. आमच्याकडे रविवारच्या मटणातली कलेजी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची. ती मी न चुकता पप्पांना वाढते. गेल्या रविवारी तर ते पुरे म्हणत असताना आग्रहाने पुन्हा वाढली. तरी डॉक्टरांसमोर मी गप्प बसले.

परतताना रिक्षात विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुझी सासू गेल्यावर माझा वाटा कोण वेगळा काढून ठेवेल असं वाटलं नव्हतं. तू ठेवतेस. नको कसं म्हणू?"

ते आत झोपलेत. डॉक्टरांना फोन करून मी आत्ताच खरं सांगितलं.

पण पुढच्या रविवारी पप्पांच्या ताटात काय वाढू, म्हणजे आपला वाटा गेला असं त्यांना वाटणार नाही?