धुवारी हटवायचा माझा धूर

डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोच्या, द्वारकाच्या छातीचा एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "आजी, बिडी ओढता का?"

मी म्हणालो, "बिडी कायची ओढते? चूलही गॅसची हाय."

"मग बाबा, धूर येतो कुठून?"



आमचं घर शेतातच, नांदुऱ्याच्या अलीकडे. तूर फुलावर आली की पहाटे धुवारी पडते, म्हणजे दाट धुकं. फूल गळते. मी बांधावर कपाशीची ओली पऱ्हाटी अन् कुटार, म्हणजे काड्या-भुसा, पेटवून धूर करायचो. धुरानं धुवारी पळते, हे गावाला मीच शिकवलं. शाळा चौथीपर्यंतच, पण शेतीत मला कोणी शिकवू नये.

द्वारकाला आधी नुसता खोकला होता. मग बादली उचलेना. मग बाजेवर बसूनच झोपायला लागली. मी म्हणायचो, थंडीचं हाय. दोन हिवाळे हेच म्हणत गेलो.

दवाखान्यात तिला नळीत फुंकायला लावलं. त्याला स्पायरोमेट्री म्हणतात, छातीतला दम मोजायची तपासणी. तिची फुंक अर्ध्यातच संपली. रोग निघाला सीओपीडी. यात श्वासाच्या नळ्या आकसतात, अन् पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धुराचे कण फार बारीक असतात. छातीत जाऊन बसतात. हवेत राहिले तर त्यांच्यावरच ओल धरते. धुकं आणखी दाट होतं, ऊन अडतं."

"म्हंजे माह्या धुरानं धुवारी वाढते?"

"वाढते, बाबा."

मी भांडूनच बाहेर आलो. बाकावर बसल्यावर आठवलं. सारं गाव पेटवायला लागलं, तेव्हापासून धुवारी दुपारपर्यंत उठत नाही.

घरी आल्यावर, ढीग विझवा म्हणत बांधाबांधानं फिरलो. शेजारचा गणपत हसला. "काऊन, बुढेबाबा? तुमीच तं शिकवलं. आता डाक्टर झाले का?"

"चुकलो बे मी," म्हणालो. हा शब्द जन्मात कोणापुढे काढला नव्हता. त्यानं त्याचा ढीग विझवला. बाकीचे पेटतेच हायेत.

तुमच्या घरात असा खोकला असेल, तर थंडीवर ढकलू नका. मी ढकलला.

आज पहाटे पुन्हा धुवारी होती, धुराच्या वासाची. मी खिडकीच्या फटीत ओली चिंधी कोंबली. द्वारकाच्या तोंडाला नेब्युलायझर होता, औषधाची वाफ देणारं यंत्र. ते बाजूला करून तिनं विचारलं, "कोनाचा धूर हाय वो?"

"माह्याच," मी म्हणालो.

ती बाजेवर थोडी सरकली अन् मला बसायला जागा दिली.