मापाची बाई

आम्ही तिघी बहिणी एकाच ताग्याच्या फ्रॉकात वाढलो. वडील मुखेडच्या बाजारात हमाली करायचे. घरातली पहिली पदवी माझी, म्हणून कागद वाचायचं कामही माझंच.

धाकटीला मुंबईच्या एका कपड्यांच्या कंपनीनं मॉडेल म्हणून निवडलं. तिचा करार आणि फोटो कुरियर करायला मी एसटीनं नांदेडला निघाले. शेजारी देगलूरची एक उंच, पन्नाशीची बाई बसली होती. दोन्ही कोपरं अंगापासून लांब धरून, जसं कुणी आता तिच्या कुशीला टाचणी लावणार आहे.

फोटो बघून ती म्हणाली, "बहीण का? मी पण त्याच कामात होते." तिनं पिशवीतून शाळेची वही काढली. "शिकलेली हाईस ना बेटा? वाच. माझंच लिहून राहिले."

वाचून मी हादरले. एका फॅशनच्या दुकानात ती मापाची बाई होती; दिवसभर तिला उभं करून तिच्या अंगावर कपडे बेतायचे. जेवली तर माप बदलतं, म्हणून उपाशी. एकदा ती चक्कर येऊन पडली, तर मालकिणीनं आधी झगा फाटला का ते पाहिलं. मासिकातल्या फोटोत त्याच झग्यात दुसरीच मुलगी.

"आपा, मग हिला पाठवू नको?"

"पाठव की! काम लई चांगलं हाय. पण जेवणाची सुट्टी कागदावर लिहून घे. मी न्हाई घेतली."

करार मी त्या दिवशी पाठवलाच नाही. कंपनीशी फोनवर दोनदा भांडले.

धाकटी आता मुंबईत कामाला आहे. दुपारी एक ते दोन ती जेवते. करारात तसं लिहिलेलं आहे.