सिस्टरचा गवती चहा

गवताला सलाईन लावणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. आम्ही पाहिली. वारंगा फाट्यावरून आत आमचं गाव, गावाच्या कडेला सरकारी उपकेंद्र, त्याच्या मागं सिस्टरचं क्वार्टर आणि क्वार्टरच्या मोरीजवळ गवती चहाचं हे एवढं बेट. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की सिस्टर सलाईनची रिकामी बाटली धुऊन तिच्यात पाणी भरायची, काठीला उलटी टांगायची आणि नळी बेटाच्या बुडात सोडायची. वर मनगटावरचं घड्याळ बघून थेंब मोजायची. गावातल्या म्हाताऱ्यांना त्या गवताचा हेवा वाटायचा. त्यांनी सलाईन मागितलं की सिस्टर सांगायची, घरी जाऊन पाणी प्या.

मी तेव्हा शाळेत. नकला करण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. गणितात कुणीही धरायचं. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, पिठाच्या गिरणीवाला, सगळे माझ्या गळ्यात. पण सर्वात जास्त फर्माईश सिस्टरची. इंजेक्शन देताना ती लेकराला म्हणायची, "वर बघ बरं, आढ्याला पाल हाय का?" लेकरू पाल शोधून 'न्हाई' म्हणेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर. आमच्या पिढीतली पोरं घरात खरी पाल दिसली तरी दंड चोळायला लागायची.

पाती कापायचीही तिची तऱ्हा होती. कुणी वाकून ओढायला गेलं की आतून आवाज यायचा, "ओढू नका, मूळ हलतं. कात्री घ्या." मग स्वतःच यायची, बुडापासून चार बोटं सोडून कापायची, पिवळी पडलेली पानं बाजूला टाकायची आणि हिरव्या पातीची वेणीसारखी गाठ मारून हातात द्यायची. गाठ न मारता टाकली तर पाती पातेल्यात मोकाट सुटते, तिथून कपात आणि कपातून दातात, असं तिचं शास्त्र होतं. सर्दी, अंगदुखी, तोंडाला चव नसणं, नवऱ्याशी भांडण, सगळ्यावर तिचा एकच इलाज. पातीची एक गाठ, आल्याचा तुकडा, वर झाकण. झाकण काढलं की वाफेला लिंबाचा वास. "ताप उतरंल," ती म्हणायची, "भांडणाचं मी सांगत न्हाई, पण घोट घेताना तोंड तरी बंद ऱ्हातं."

आमची अख्खी गल्ली तिच्याकडून पाती न्यायची. माझी आई तर रोज. पण पाती घेऊन निघालं की सिस्टर विचारायची, "चहा टाकलाच हाय, घेता का घोटभर?" आणि बाया एकेक कारण सांगून सटकायच्या. आत्ताच घेतला. पित्त झालंय. उपास हाय. सिस्टर हसून म्हणायची, तुमच्या गल्लीत आठवड्याला नऊ उपास निघतात.

खरं कारण तिला माहीत होतं, आम्हालाही होतं. सिस्टर बौद्ध. तिच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. तिची सुई दंडात चालायची, तिच्या हातचं औषध पोटात चालायचं, तिच्या दारची पाती आमच्या चुलीवर चालायची. फक्त तिच्या पातेल्यातला चहा चालत नव्हता. आई म्हणायची, पाती कोरडी असते, तिला काही लागत नाही. सिस्टर याच्यावर कधी बोलली नाही. फक्त रोज संध्याकाळी पाच माणसांचा चहा टाकायची आणि एक कप प्यायची.

दोन कप म्हणा. कारण दुसरा माझा होता. शाळा सुटली की मी मागच्या कुंपणातून जायची आणि तिच्या ओट्यावर बसून कोरा चहा ओढायची. तिला गावभराच्या नकला करून दाखवायची. स्वतःची नक्कल बघताना ती पदर तोंडात कोंबायची आणि वर म्हणायची, "मी काय इतकी नाकात बोलते व्हय गं?" नाकातच म्हणायची.

घात नकलेनंच केला. एकदा आमच्या ओसरीवर पाचसहा बाया डाळ निवडत बसलेल्या, मला म्हणाल्या सिस्टर करून दाखव. मी रंगात आले. गाठ मारली, झाकण ठेवलं, बशीत ओतलं, फुंकर मारली, भुरका घेतला आणि सिस्टरच्या आवाजात म्हणाले, "आज आलं जरा जास्तच झालं, घशात झोंबून राहिलं." बाया हसल्या. आई हसली नाही.

"तुला कसं माहीत, घशात झोंबतंय ते?"

डाळीचा आवाज बंद झाला. नक्कल इतकी बराबर झाली होती की चोरी पकडली गेली.

आईनं मला तसंच हाताला धरून क्वार्टरवर नेलं. सिस्टर नळीचा गुंता सोडवत होती. एवढ्या तावातावानं आलेली आई तिथं गेल्यावर मवाळ झाली. पोरीला चहा देत जाऊ नका, म्हणाली, तिला रातच्याला झोप येत न्हाई.

सिस्टरनं नळी खाली ठेवली. "बाई, तुमच्या धाकट्याच्या बाळंतपणाला तुमी घोट घोट पाणी मागत होत्या. तवा तांब्या कुणाच्या हातात व्हता?"

आई आल्या पावली माघारी वळली. घरी येताना माझा हात तिनं सोडला होता. त्यानंतर महिनाभर आमच्याकडं बिनपातीचा चहा झाला. माझं कुंपण बंद.

मग सिस्टरच्या बदलीची बातमी आली. पुसेगावकडं. निघायच्या सकाळी टेम्पोत सामान चढत होतं आणि आमच्या गल्लीतल्या बाया टोपली, खुरपं, फुटकं घमेलं घेऊन क्वार्टरच्या दारात जमल्या. बाई चालली म्हणून नाही, बेट राहिलं म्हणून. सिस्टरनं स्वतः कुदळ मारून बेट उपसलं, एकेक मूळ सुटं केलं, ओल्या फडक्यावर मांडलं. मग स्टोव्ह पेटवला. सामानात बांधलेलं पातेलं पुन्हा सोडलं आणि चहा टाकला.

"मूळ सगळ्यायला देते," ती म्हणाली, "पण आज आधी चहा. उपास असंल तिनं उद्या खुशाल करावा. उद्या मी न्हाई."

ती हसत बोलली आणि ओट्यावर कप मांडायला लागली. गावात आल्यापासून सहा वर्षांत तिनं असा उघड आग्रह पहिल्यांदाच धरला होता. बाया घमेल्यात बघायला लागल्या. एक जण म्हणाली, गॅसवर दूध ठेवलंय, आणि गेली. तिच्याकडं गॅस नव्हताच. तिच्या मागं आणखी दोघी गेल्या. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

माझ्या शेजारून आई पुढं झाली. टोपली खाली ठेवली, ओट्यावर मांडी घालून बसली, कप उचलला, थोडा चहा बशीत ओतला आणि प्याली. सगळ्यांसमोर, सावकाश. मग बशी खाली ठेवून, पाहुणी म्हणून गेल्यावर कुठल्याही घरात बोलते त्याच सुरात म्हणाली, "साखर कमी झाली, सिस्टर."

सिस्टर साखर आणायला आत गेली. साखरेचा डबा तर बाहेर स्टोव्हजवळच होता. आतून पाण्याचा आवाज आला. तोवर आणखी दोघी आईच्या बाजूला येऊन टेकल्या, बाकीच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. सिस्टर तोंड धुऊन बाहेर आली, तिघींच्या कपात साखर घालून चमच्यानं ढवळायला लागली.

टेम्पोवाला पुन्हा हॉर्न वाजवून ओरडला, बाई, चला, उशीर होऊन राहिला.

"थांब की रे बाबा," सिस्टर म्हणाली, "माह्याकडं पाव्हणे बसलेत."