परीक्षेला बसलेलं पाणी

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत जन्म काढला म्हणून लोक तिला पाणीबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. राग यायचा तो नमुन्यांचा. बाटलीवर लिहिलेलं असे ‘विहीर’, आणि आत पाणी गाळलेलं, उकळलेलं, तुरटी फिरवलेलं. पोराला परीक्षेला धाडायचं तर घासूनपुसून धाडतात, मग पाण्यानेच काय घोडं मारलंय? एका गृहस्थाने तर बाटलीत अत्तराचे दोन थेंब टाकले होते. “पाणी तपासायचंय की त्याचं लग्न जमवायचंय?” पाणीबाईने त्याला विचारलं होतं.

पण मग प्रकरण घरापर्यंत आलं. लेकीच्या थोरलीचे नवे दात उगवले ते खडूसारखे ठिपके आणि तपकिरी रेघा घेऊनच. लेकीच्या सासरी प्यायला बोअरचंच पाणी होतं. खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं खडकात बसून राहतं, त्यातलं फ्लोराइड उचलतं, आणि ते जास्त झालं की हिरडीच्या आत घडणारे दात बिघडतात. थोरलीचं झालं ते झालं. धाकटा दीड वर्षाचा होता, त्याचे पक्के दात अजून घडायचे होते.

लेकीने सासूला सांगून पाहिलं. “आमच्या बोअरचं पाणी अमृत आहे,” सासूबाई म्हणाल्या. “दात चॉकलेटांनी गेलेत.” आकडा पुढे ठेवल्याशिवाय त्या ऐकायच्या नाहीत, म्हणून पाणीबाईने बोअरचा नमुना मागवला.

पहिल्या बाटलीत क्षार जवळजवळ नव्हतेच. पाऊस आभाळातून रिकाम्या हाताने येतो. हे गच्चीवरच्या टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी होतं. पुन्हा मागवलेल्या दुसऱ्या बाटलीत क्षार बेताचे आणि तळाशी गाळ. म्हणजे नदी, वाटेत भेटेल त्याच्याकडून थोडंथोडं घेत येणारी. पाणीबाईने फोन लावला.

“विहीणबाई, तुमची बोअर आहे तरी कुठे? ढगात की नदीत?”

“चांगल्यातलं चांगलं पाठवलं हो,” विहीणबाई दुखावल्या. “तुमच्या ऑफिसात चार लोक बघणार. घराण्याची अब्रू नको राखायला?”

पाणीबाईने कपाळाला हात लावला आणि रविवारी रिकामी बाटली घेऊन स्वतःच त्यांच्या दारात थडकली. तिला सोफ्यावर बसवलं गेलं. ट्रेमधून विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली आली.

“पाहुण्यांना आम्ही हेच देतो,” विहीणबाई म्हणाल्या. “बोअरचं जरा जड पडतं. नवख्या माणसाला सोसत नाही.”

“आणि बाळाला?”

धाकटा तिथेच फरशीवर बसून आपल्या पेल्यातून घटाघटा पाणी पीत होता.

“त्याला बोअरचंच. तो काय पाहुणा आहे?”

लेकीने मान खाली घातली. पाणीबाईला संताप आला आणि रडूही आलं. तिने पोराच्या हातून पेला काढून घेतला, उरलेलं पाणी आपल्या बाटलीत ओतलं आणि बूच घट्ट लावलं. याहून खरा नमुना तिला मिळणार नव्हता. पोराने भोकाड पसरलं. तिने विकतच्या बाटलीचं सील तोडलं, पेला भरला आणि तो विहीणबाईंच्याच हातात दिला.

“पाजा त्याला,” ती म्हणाली. “आजपासून तो पाहुणा.”