आमच्या फिल्टरचं पाणी लाल निघालं

मागच्या शनिवारी सकाळी बीड बायपासच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी फिशटँकचं पाणी तपासत बसलो होतो… आणि तासाभरात आम्ही तान्ह्या बाळाला घेऊन हॉस्पिटलच्या रस्त्याला लागलो होतो. मधे काय झालं ते आज लिहितोय. अजून नीट सावरलेलो नाही.

माझ्याकडे रीफ टँक आहे. खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात दोन क्लाउनफिश आणि जिवंत कोरल. समुद्रापासून इतक्या लांब हा उद्योग कशाला, हे घरात सगळ्यांनी विचारून झालंय.

पाणी घरीच तयार करावं लागतं. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी घ्यायचं, त्यात समुद्री मीठ विरघळवायचं आणि दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून हे नवं घालायचं.

टँक नवा होता तेव्हा मी रोज टेस्ट करायचो, आता आठवड्यातून एकदा. काचेच्या छोट्या बाटलीत पाणी, त्यात केमिकलचे थेंब, हलवायचं आणि रंग बघायचा. नायट्रेटच्या टेस्टमध्ये पिवळा आला की निर्धास्त, लालसर दिसला की काळजी.

गेला महिनाभर तो रंग लालकडे सरकत होता. कोरल तपकिरी पडायला लागले होते. माशांचं खाणं कमी केलं, पाणी जास्त वेळा बदललं… तर नायट्रेट अजूनच वाढलं.

शेवटी शकीलभाईंना फोन लावला. औरंगपुऱ्यात त्यांचं मत्स्यालयाचं छोटंसं दुकान आहे, आणि या बाबतीतलं मला जे काही येतं ते त्यांच्याच काउंटरपाशी उभं राहून शिकलेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टँक का पानी तो चेक करते… जो पानी नया डालते, वो कभी चेक किए क्या?"

नव्हतं केलं. फिल्टरचं पाणी, त्यात काय तपासायचं?

फिल्टरच्या तोटीखाली बाटली धरली, थेंब टाकले. पाच मिनिटं थांबायचं असतं. दोन मिनिटांतच पाणी गडद लाल झालं.

वाटलं, बाटली नीट धुतली गेली नसेल. गाडीत विकतच्या पाण्याची एक सीलबंद बाटली होती, ती आणून तपासली. पिवळं. पुन्हा फिल्टरचं घेतलं… लाल.

त्याच वेळी माझी धाकटी बहीण मनीषा दुधाची बाटली हलवत माझ्या समोरून गेली. ती बाळंतपणाला आलीये. तिची ओवी तीन महिन्यांची आहे, आणि अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून तिला पावडरचं दूधही चालू आहे. पाणी अर्थात फिल्टरचंच, आई उकळून ठेवते ते.

नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यानं तान्ह्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडू शकतो, हे मी कधीतरी वाचलं होतं. आणि उकळून ते जात नाही… पाणी आटतं तसं उलट वाढतं.

"मनू, ते देऊ नको तिला."

ती थांबली. काय झालं म्हणाली. मी ती लाल बाटली तिच्यापुढे धरली.

आई ओट्यापाशी होती. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग फिल्टरकडे, आणि खालीच बसली. दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला माणूस आला होता. पाण्याला चवच नाय, अशी तक्रार तिनं त्याच्याकडे केली होती आणि त्यानं आतला एक स्क्रू सैल करून दिला होता. तेव्हापासून बिल्डिंगच्या बोअरचं न गाळलेलं पाणी, नायट्रेटसकट, थेट मिसळत होतं. आम्ही सगळेच म्हणालो होतो, आता कसं गोड लागतंय…

"मीच सांगितलं होतं त्याला," आई म्हणाली. दिवसभर ती एवढंच बोलली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ओवीचे ओठ पाहिले, नखं पाहिली. निळसर दिसली होती का कधी, दम लागतो का, असं बरंच विचारलं आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मनीषा भिंतीला टेकून उभी होती. मी बस म्हटलं तरी बसली नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, आता हे पाणी पूर्ण बंद करा. तेव्हा कुठे मनीषा रडली.

संध्याकाळी मी किट घेऊन बिल्डिंगमध्ये दारोदार फिरलो, कारण बोअर सगळ्यांची एकच. खालच्या मजल्यावर करमाडचे एक काका मुलाकडे राहतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि तांब्याच पुढं केला. "मासे हायेत म्हणून कळलं म्हणायचं. टाक बाबा, आमच्या बी पाण्यात टाक." त्यांचंही लालच निघालं. लॅबमध्ये दिलेल्या पाण्याचा रिपोर्ट काल आला, त्यातही तेच आहे.

आज शकीलभाईंचे आभार मानायला दुकानात गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या मागच्या फळीवर टेस्ट किटची रांग लागलेली… कित्येक वर्षं तेच विकतायत. मग त्यांनी घरी फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाले, "सुनो, पीने के पानी की एक बोतल भर के भेजो… हाँ, अभ्भी."

त्यांच्या घरीही दोन नातवंडं आहेत. रंग यायची वाट बघत आम्ही दोघं काउंटरपाशी उभे होतो. पिवळा आला… आणि शकीलभाईंनी माझा हात घट्ट दाबला.